धोंड्याचं ताट आणि मागच्या चाकांचं तेल

अंबड लिंक रोडला भंगारवाल्यांची ओळ जिथं संपते, तिथं सोमनाथचं गॅरेज. खाली गॅरेज, वर राहायच्या दोन खोल्या आणि मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली. त्या पत्र्याच्या खोलीत झुंबरनाना राहायचे. नाना म्हणजे सोमनाथचे सासरे. सासऱ्याने जावयाच्या घरी राहायचं, आणि वर त्याच्याच हाताखाली पाने उचलायचे, असा सगळा उलटा कारभार होता तो.

नाना मूळचे देवळ्याचे. उभी हयात ट्रॅक्टरच्या खाली गेली. चारा, कांदा, ऊस ओढून ट्रॅक्टर कण्हायला लागला की लोक नानांकडे आणायचे, आणि नाना आधी कान लावायचे, मग पाना. पण रस्ता रुंद झाला, त्यात दुकान गेलं. बायको त्याच्या आधीच गेली होती. मुलगा नाही. एकुलती एक लेक योगिनी नाशकात दिलेली. ती म्हणाली, "नाना, चार दिवस या." त्या चार दिवसांचं तिसरं वर्ष चालू होतं.

लेकीच्या दारात राहणारा बाप कसा राहतो, ते नानांकडे बघून कळायचं. सगळ्यांच्या आधी उठायचे. गॅरेज झाडायचे, सांडलेल्या तेलावर भुसा टाकायचे. भाजीत मीठ नसलं तरी "झक्कास झाली" म्हणायचे. पंखा नको म्हणायचे, आणि मे महिन्यात पत्र्याखाली भजं झाल्यासारखे निथळत पडायचे. जावयाने काही विचारलं की नानांचं एकच उत्तर, "तुम्ही म्हणाल तसं, सोमनाथराव."

हे उत्तर त्यांना जन्मतः येत नव्हतं बरं का. पहिल्याच महिन्यात एका टेम्पोवाल्यासमोर नाना बोलून गेले होते, "क्लच नाय हो, गिअरबॉक्स खोला." खोलला तर बिघाड गिअरबॉक्समध्येच निघाला. सोमनाथ काही बोलला नाही. तीच तर पंचाईत. तो योगिनीशीही आठवडाभर बोलला नाही. मग योगिनी एका दुपारी पत्र्याच्या खोलीत आली आणि म्हणाली, "नाना, हात जोडते तुम्हाला. गिऱ्हाइकासमोर त्यांना काही म्हणू नका. मला इथंच नांदायचंय."

नानांनी ते इतकं मनावर घेतलं, की गिऱ्हाइकासमोर नाही आणि मागंही नाही, बोलणंच सोडून दिलं. तोंड उघडलं तर लेकीचं घर विस्कटतं, एवढं त्यांना समजलं होतं. आणि लेकीचं घर विस्कटलं तर आपण जायचं कुठं, हे समजायला शाळा लागत नाही.

असं सगळं चाललेलं असताना गॅरेजमध्ये ती गाडी आली.

गाडी स्वरदाची. पंचवटीतल्या भिक्षुकाची ही पोरगी. वडील रामकुंडावर लोकांचे विधी सांगतात आणि ही सुट्टीच्या दिवशी डोक्याला हेल्मेट घालून मातीत गाडी घुमवते. माळरानावर टायर मांडून वळणावळणाचा रस्ता आखतात, एकेक गाडी सोडतात, जी लवकर येईल ती जिंकली. गाडी जुनीच, मागच्या चाकांवर चालणारी, पण आत इंजिन दांडगं बसवलेलं. आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्याला डिफरन्शियल म्हणतात, तो खास बनवून आणलेला. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. ही वाटणी तो गोळा करतो. साध्या गाडीत एक चाक मातीत फसलं की सगळा जोर त्याच्याकडेच जातो आणि ते नुसतं गरगरतं. तसं होऊ नये म्हणून हिच्या गोळ्यात चकत्या घातलेल्या होत्या. त्या एकमेकींना धरून ठेवायच्या.

सोमनाथच्या गॅरेजला तोवर टेम्पो आणि टॅक्सीच यायच्या. शर्यतीची गाडी आपल्या दारात उभी राहिली म्हणून तो दोन दिवस शर्ट खोचून काम करत होता. त्याने मोबाईलवर बघून बघून तेल आणलं, पातळ. शर्यतीला पातळ तेल हवं, जोर वाया जात नाही, गाडी मोकळी पळते, असं त्याने वाचलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं.

पण पहिल्या सरावानंतर स्वरदा तोंड पाडून आली.

"सोमनाथदादा, तिसऱ्या फेरीपासून मागून आवाज येतोय. हूंऽऽ असा. ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो." मग जरा थांबून म्हणाली, "रविवारी शर्यत आहे. तेव्हाही असंच झालं तर मला गाडी पुण्याला न्यावी लागेल. राग नका मानू."

"छे, राग कसला!" सोमनाथ हसला. पण त्याचे कान लाल झाले.

त्याने गोळ्याचं खालचं बूच उघडून तेल काढलं. तेल अजून गरम होतं, भळाभळा पाण्यासारखं पडलं. नानांनी त्यात बोट बुडवलं, अंगठ्याशी चोळलं, उन्हात धरलं. बोटावर बारीक बारीक चमकी दिसली, मुलींच्या टिकलीवर असते तशी. लोखंडाची चमकी. दाताला दात घासल्याशिवाय ती येत नाही.

"काय मामा? ठीक वाटतंय ना?" सोमनाथने विचारलं.

नानांनी बोट लुंगीला पुसलं. "तुम्ही घातलंय म्हणजे ठीकच असणार."

"नाही, म्हणजे तुम्हाला काय वाटतं?"

"मला मेल्याला काय कळतंय शर्यतीचं. तुम्ही म्हणाल तसं."

सोमनाथने काढलेलं तेल डब्यात ओतलं. मग तेच पातळ तेल नवं आणून पुन्हा भरलं. नाना बूच आवळत होते आणि आवळता आवळता मनात हिशोब मांडत होते. रविवारी हा गोळा फुटेल. गाडी पुण्याला जाईल. जावयाचं नाव जाईल, आणि त्याचा राग घरी लेकीवर निघेल. आणि बोललो, तर लेकीवर आजच निघेल. दोन्ही दारांना बाहेरून कड्या. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही, पण ताटात काही टाकायची सोय नव्हती. लेक विचारेल, का टाकलं म्हणून.

यंदा ज्येष्ठात अधिक महिना आला होता. धोंड्याचा महिना. या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, अनारशाचं वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. योगिनी नानांच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"नाना, धोंडा आलाय. सासूबाई फोनवर विचारत होत्या, माहेरचं काय करणार म्हणून."

"करू की. जावयाचा मान झालाच पाहिजे. पण बोलवायचं कुठं गं? मीच इथं..."

"इथंच. वरच्या खोलीत. मी करते सगळं."

आता बघा, माहेरचा मान सासरच्याच गॅसवर शिजला. तांदूळ भिजत घालण्यापासून अनारसे तिनेच केले आणि ते वडिलांकडून आले असं धरायचं. जावयाला त्याच्याच घरी पाहुणा म्हणून बोलवलं. तो खालून जिना चढून आला, तर नाना वर दारात हात जोडून उभे, "या या, सोमनाथराव, वाट बघत होतो." परात जावयाची, तांब्या जावयाचा, पाय पुसायचा पंचासुद्धा जावयाच्याच कपाटातला. टोपी आणि उपरणं तेवढं नानांनी स्वतः जाऊन आणलं होतं, आणि ते सारखं उघडून बघत होते.

नाना खाली बसले आणि जावयाचे पाय परातीत घेतले. टाचेच्या भेगांत काळं तेल बसलेलं. ते काही पाण्याने निघेना. नाना अंगठ्याने घासत राहिले. सोमनाथला गुदगुल्या झाल्या की लाज वाटली कोण जाणे, त्याने पाय ओढून घेतला.

"राहू द्या मामा. ते नाही जायचं."

ओवाळून झालं. टोपी झाली. वाण हातात दिलं. सोमनाथ ताटावर बसला. योगिनीने धोंडे वाढले, त्यावर तूप घालायला वाटी घेऊन वाकली. सोमनाथने ताटावर हात आडवा धरला.

"मामा, आज जावयाने काही मागितलं तर द्यावं लागतं ना?"

नानांच्या मनात एकच आलं. पत्र्याची खोली मागतोय, दुसरं काय. टायर ठेवायला जागा नाही असं तो परवाच म्हणत होता.

"मागा," नाना म्हणाले.

"गाडीत तेल कुठलं घालू ते सांगा."

नाना हसल्यासारखं करून म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते..."

सोमनाथने ताट पुढं सारलं. धोंड्याच्या दिवशी जावई भरल्या ताटावरून उठतोय म्हणजे त्या घरावर काय येतं, ते ज्याने बघितलंय त्यालाच माहीत. योगिनीच्या हातात तुपाची वाटी तशीच राहिली.

"तीन वर्षं! तीन वर्षं हेच ऐकतोय. तुम्ही म्हणाल ते, तुम्ही म्हणाल तसं. अहो, मी काय देव आहे का? भिंतीला विचारलं तर माझाच आवाज परत तरी येतो. तुम्हाला विचारलं की तोही येत नाही."

"तसं नाय, सोमनाथराव..."

"मग कसं? त्या दिवशी बोटाला तेल लावून उन्हात काय बघत होतात? मी नाही बघितलं?"

नानांनी योगिनीकडे बघितलं. तिला दिलेला शब्द होता तो. त्यातून मोकळं करायचं का नाही, हे तिच्याशिवाय कोण सांगणार? योगिनी वाटीतल्या तुपाकडे बघत होती. मग खालमानेनेच म्हणाली, "बोला नाना."

आणि नाना बोलले. मोरीचा बोळा निघावा तसे बोलले.

"पातळ पडतंय ते. लय पातळ. गार असतं तवर ठीक हाय. पण गोळा तापला की त्याचं पाणी व्हतं. दातावर टिकत नाय, दाताला दात लागतो. म्हनून ती कण्हते. तेलात चमकी आली व्हती. मी बघितली. तुम्ही पुन्हा तेच भरलं, तवाबी मला माहीत व्हतं."

"माहीत होतं! आणि मी विचारलं तेव्हा ठीक म्हणालात?"

"म्हनलो."

"का?"

योगिनी म्हणाली, "मी सांगितलं होतं त्यांना. बोलू नका म्हणून. तुम्ही त्या वेळी आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतात."

सोमनाथने तिच्याकडे बघितलं, मग ताटाकडे. खालून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, त्याच्याकडे कुणी गेलं नाही.

"मग कुठलं घालू?" त्याने शेवटी विचारलं.

"एकशे चाळीस. आम्ही जन्मभर तेच घातलं. जाड, काकवीवानी. दाताला धरून बसतं."

सोमनाथने ताट पुन्हा जवळ ओढलं. योगिनीने तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी गोळ्यात एकशे चाळीस नंबरचं तेल पडलं, ट्रॅक्टरचं. नानांनी स्वतः ओतलं. इतकं सावकाश उतरत होतं ते, की सोमनाथ मध्येच चहा पिऊन आला. मग म्हसरूळच्या पलीकडच्या माळावर सगळे गेले. स्वरदा गाडीत बसली, फेऱ्या मारल्या. नाना कान देऊन उभे. कण्हणं नव्हतं. हूं नाही की चूं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कमरेवर हात ठेवले.

गाडी थांबली. स्वरदा उतरली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"काका, आवाज गेला. पण मागून कोणीतरी ओढून धरल्यासारखं वाटतंय. गाडी सुटतच नाही. आणि वळणावर मागं कटकट होते, शेपूट उड्या मारतं."

सोमनाथने उष्णता मोजायचं ते पिस्तुलासारखं यंत्र गोळ्यावर रोखलं. आकडा बघितला. "मागच्या वेळेपेक्षा जास्त तापलाय."

नानांचे हात कमरेवरून खाली आले. जाड तेल दातांना धरून बसलं होतं खरं, पण इतकं धरून, की ते घुसळण्यातच जोर जात होता आणि घुसळून घुसळून तेलच तापत होतं. चकत्यांत ते वेळेवर शिरतही नव्हतं, म्हणून त्या अडकून अडकून सुटत होत्या. ट्रॅक्टर कधी असा वळतो का? ट्रॅक्टरच्या गोळ्यात अशा चकत्या तरी नानांनी कधी बघितल्या होत्या?

तोंड उघडलं तेही चुकीचं उघडलं. आता? माळावर चारी बाजूंनी मोकळं रान होतं, पण नानांना पाऊल टाकायला जागा दिसेना. देवळ्याला आता दुकान नाही, घर नाही. पिशवी भरायची तर ती घेऊन उतरायचं कुठल्या थांब्यावर? ते गाडीच्या मागं जाऊन उकिडवे बसले आणि उगीचच बूच तपासायला लागले.

सोमनाथ त्यांच्या शेजारी येऊन बसला. नानांनी मान वर केली नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

मग फिसकन आवाज झाला. सोमनाथ हसत होता. आधी दाबून, मग चांगलाच.

"मामा, म्हणजे तुम्हीपण चुकता!"

"आं?"

"अहो, मला वाटायचं तुम्हाला सगळं कळतंय, आणि मी चुकतो तेव्हा तुम्ही मनातल्या मनात हसताय. झाडू मारता मारता हसताय. रोज सकाळी तुमच्या झाडूचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा यायचा."

नाना बघतच राहिले. हा बाप्या आपल्याला भीत होता! आपण त्याच्या ताटातलं मीठ मागायला भीत होतो, आणि हा आपल्या झाडूला.

"मी हसत नव्हतो, सोमनाथराव. मी नुसता झाडत व्हतो."

स्वरदा बाजूला उभी होती. "तुमचं झालं की मला सांगा. रविवार परवा आहे."

मग दोघं भानावर आले. सोमनाथने गाडीतून त्याचा पातळ तेलाचा रिकामा डबा आणला आणि नानांना दाखवला. त्यावर दोन आकडे होते. नानांनी जन्मभर पिंपावर एकच आकडा बघितलेला.

"हा दुसरा कसला?"

"हा पहिला, पंच्याहत्तर, तेल गार असताना कसं वाहतं त्याचा. हा दुसरा, नव्वद, तापल्यावर किती जाड राहतं त्याचा."

"म्हंजे गार असताना वेगळं, तापल्यावर वेगळं?"

"हो."

नाना डबा हातात फिरवत बसले. "मंग असं करा ना. गार असताना तुमचं बरोबर हाय. पटकन चकत्यांत शिरतंय. तापल्यावर माझं बरोबर हाय. दातावर टिकतंय. पहिला आकडा तुमचा ठेवा, दुसरा माझा घ्या. असं मिळतं का कुठं?"

सोमनाथने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "मिळतं," तो म्हणाला. "पंच्याहत्तर-एकशे चाळीस. मी बघितलं होतं. दुसरा आकडा बघून मला वाटलं, हे काय ट्रॅक्टरचं तेल, म्हणून घेतलं नाही."

"ट्रॅक्टरची लय घिन वाटती तुम्हाला," नाना म्हणाले, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली. पण सोमनाथ रागावला नव्हता. तो फोन लावत होता.

तेल नाशकातल्याच द्वारका चौकातल्या एका दुकानातून आलं. त्यात चकत्या अडकू नयेत म्हणून घालायच्या औषधाची छोटी बाटली सोमनाथने घेतली. त्याशिवाय त्या कटकट करणारच, असं त्याचं म्हणणं. ट्रॅक्टरच्या तेलात ते औषध नव्हतं, हेही एक कारण निघालं. नानांनी विचारलं, "किती ओतताय? सगळी?" सोमनाथ म्हणाला, "सगळी." नाना म्हणाले, "आधी निम्मी घाला." यावरून दोघांचं जुंपलं. शेवटी पाऊण बाटली पडली.

रविवारी माळावर ऊन असं, की बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीलाही हात लावू नये. नाना दोरीपाशी उभे होते. पळून जावंसं वाटत होतं, पण पाय रोवलेले. फटफट करत धुरळ्यात गाडी सुटली. पहिली फेरी. दुसरी. तिसऱ्या फेरीला नानांनी डोळे मिटले आणि सगळा जीव कानात आणला. इंजिन गर्जत होतं, माती उडत होती, पण मागचा गोळा गप्प होता. आणि वळणावर शेपूट कसं, दारातली रांगोळी काढताना हात फिरतो तसं फिरलं.

नंबर काही आला नाही. शेवटच्या वळणावर स्वरदाने एक टायर उडवला, त्याचा दंड लागला. ती उतरली ती स्वतःलाच शिव्या देत.

"माझी चूक, गाडीची नाही. दादा, पुढच्या महिन्यात धुळ्याला शर्यत आहे. तयार ठेवाल ना?"

सोमनाथने नुसती मान हलवली. त्याने मागची चाकं जॅकवर उचलली, गाडीखाली सरपटत जाऊन गोळ्याला हात लावून बघितला आणि ओरडला, "मामा, या! हात लावा!"

नाना वाकले. गरम होता, पण हात ठेवून धरवत होता. त्यांनी तसाच हात ठेवला आणि डोकं तिरकं करून चाक हाताने फिरवलं. एकदा. पुन्हा.

"एक सांगू का?" ते म्हणाले.

सोमनाथ खालूनच म्हणाला, "आता काय?"

"त्या पातळ तेलात गोळ्याचं पुढचं बेअरिंग खाल्लं गेलंय. बारीक घरघर हाय. धुळ्याला जायच्या आधी उघडावं लागंल."

स्वरदा तिथंच उभी होती. गिऱ्हाईक होती ती. सोमनाथ गाडीखालून बाहेर आला, तोंड काळं-लाल झालेलं. हातातलं फडकं त्याने जमिनीवर आपटलं. "काही घरघर नाहीये. तो टायरचा आवाज आहे."

"टायर हवेत हाय, सोमनाथराव. हवेतला टायर कसा घरघरंल?"

संध्याकाळी योगिनीला जिन्यावर मोठमोठ्याने बोलणं ऐकू आलं. हातातलं लाटणं तसंच घेऊन ती दारापाशी आली. पण नीट ऐकलं तर आवाज दोन होते. एक तिच्या नवऱ्याचा, "मी म्हणतो टायरचाच आहे," आणि दुसरा तिच्या वडिलांचा, तितकाच चढा, देवळ्याच्या बाजारात असायचा तसा, "अन् मी म्हनतो उघडून बघू, मंग बोला!"

ती आत गेली आणि कणकेचे दोन गोळे जास्तीचे केले.